स्वस्त गिटार, महाग गिटार: पैसे कुठे घालावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा

नाचता येईना अंगण वाकडं, असं शिकाऊ माणसाला हमखास ऐकवलं जातं. गिटारच्या बाबतीत मात्र पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडं असतं. माझी पहिली गिटार दिसायला झकास होती, किमतीला हलकी होती आणि तिच्यावर एफ कॉर्ड (सहाही तारा एकदम दाबून वाजवायची एक अवघड स्वरजुळणी) काही केल्या वाजत नव्हती. चार महिने मी बोटांना दोष दिला. मग एकदा एक खुंटी बदलायला म्हणून गिटार दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी खुंटीकडे पाहिलंच नाही. आधी पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवर, गिटारच्या लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) तार दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यावर वाजवता तुम्ही?" मग एक बारीक कानस काढली आणि नटच्या खाचा, म्हणजे गिटारच्या डोक्याशी जिथे तारा टेकतात त्या, एकेक करून खोल करायला लागले. तीन-चार हात कानस फिरवायची, तार परत बसवायची, सुरात लावायची, दाबून डोळा लावून बघायचं, पुन्हा कानस. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. त्याच संध्याकाळी एफ वाजला. फार सुरेख नाही, पण सहाही तारा बोलल्या. बोटं तीच, गिटार तीच.

हा लेख त्या कानशीबद्दल आहे असं म्हटलंत तरी चालेल. महागड्या गिटारमध्ये आपण थोडं लाकूड, थोडं नाव आणि बरेचसे कारागिराचे तास विकत घेतो. फ्रेटची टोकं घासण्याचे, फ्रेट एका पातळीत आणण्याचे, नट नीट कापण्याचे तास. स्वस्त गिटारवर नेमके हेच तास वाचवलेले असतात. आणि गंमत अशी की यातलं बरंचसं काम गिटार घेतल्यानंतरही करून घेता येतं. एवढं ध्यानात ठेवलं की दुकानातली निम्मी भुलवणूक आपोआप गळून पडते.

पायरी १: कोणती गिटार, आणि पैशांची वाटणी

प्रकार तीन: नायलॉनच्या तारांची क्लासिकल, स्टीलच्या तारांची अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक. "आधी अकूस्टिकवर बोटं तयार करा, मग इलेक्ट्रिककडे वळा" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, फ्रेटबोर्डाच्या, म्हणजे बोटं दाबायच्या फळीच्या, जवळ असतात, बोटांना कमी बोचतात. तुमच्या कानात जे संगीत घोळतंय ते ज्या गिटारवर वाजतं, ती घ्या. उगीच वळसा कशाला?

एक धोका मात्र सांगून ठेवतो. क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो, तर स्टीलच्या नेहमीच्या 'लाइट' संचाचा ७० किलोच्या वर. क्लासिकलचं पातळ अंग हा भार सोसायला बनवलेलंच नसतं. काही महिन्यांत ब्रिज (अंगावरचा, तारा जिथे बांधलेल्या असतात तो तुकडा) उखडतो, नाहीतर वरची फळी फुगते.

वाटणीचं म्हणाल तर हातातली सगळी रक्कम गिटारवर उधळू नका. तिचे पाच भाग करा. अकूस्टिक घेणार असाल तर त्यातले तीन-साडेतीन गिटारचे, एक सेटअपचा (म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेण्याचा) आणि उरलेल्यात तारांचा जादा संच, ट्यूनर, पिक, पट्टा, पिशवी. इलेक्ट्रिक असेल तर अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याचा, वाटा काढावा लागतो, म्हणून गिटारला दोन-अडीच भागांत बसवा. कारखान्यातून आलेली गिटार आणि पंधरा मिनिटांत हात दमवणारी गिटार यांतला फरक तो सेटअपचा एक भाग मिटवतो. नवखी माणसं नेमका तोच वाचवायला जातात.

पायरी २: हातात घेऊन तपासणी

जुनी असो वा नवी, गिटार तपासायला दहा मिनिटं लागतात. वाजवता येत नसलं तरी तपासता येतं, त्यामुळे लाजायचं काम नाही. आधी ती सुरात लावून घ्या. फोनवरचं फुकटचं ट्यूनर ॲप पुरे. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई.

१. नेक डोळ्यांनी तपासा. बंदुकीचा नेम धरतात तशी गिटार धरून, डोक्याच्या बाजूने नेकच्या कडेवरून बघा. किंचितसा आत गेलेला बाक चालतो, हवाच असतो. पिळवटलेली नेक, म्हणजे एका कडेला एक वळण आणि दुसरीला वेगळंच, दिसली तर गिटार खाली ठेवा. बाकी जवळजवळ सगळ्याला उपाय आहे, पिळाला किफायतशीर उपाय नाही.

२. नट बघा. तार तिसऱ्या फ्रेटच्या लगत मागे दाबा, म्हणजे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर टेकेल. आता पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात किती फट राहते ते पाहा. केसभर फट हवी. पोस्टकार्ड आत सरकत असेल तर नट उंच आहे. नट उंच असला की नुसती बोटंच दुखत नाहीत, सूरही बिघडतो. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा अगदी सुरात लागलेल्या असतात आणि साधा सी कॉर्ड मात्र आंबट लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

३. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. यालाच अ‍ॅक्शन म्हणतात. साधी पट्टी पुरते. अकूस्टिकवर जाड ईखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक ईखाली दोनच्या आसपास असेल तर उत्तम. इलेक्ट्रिकवर दीड-पावणेदोन मिलिमीटर. आकडा याहून थोडा जास्त निघाला तर घाबरू नका, तो खाली आणता येतो. पण आधी अकूस्टिकच्या ब्रिजवरचं ते पांढरं पट्टीसारखं सॅडल बघा. ते आधीच ब्रिजशी समपातळीत आलेलं असेल आणि तरी तारा उंच असतील, तर नेकचा कोन बिघडलाय. ती दुरुस्ती महाग, पुष्कळदा गिटारपेक्षाही.

४. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. कंटाळवाणं आहे, पण करा. एकेक सूर वाजवत वर जा आणि जवारीसारखा झणझणाट कुठे येतो ते ऐका. सतारीवर जी जवारी मुद्दाम राखतात तीच इथे दोष. एकाच फ्रेटवर झणझणाट म्हणजे त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उंच उठलाय. सगळीकडे असेल तर नेकचा बाक किंवा अ‍ॅक्शन बघायची, आणि ते सोपं असतं.

५. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून घंटेसारखा हार्मोनिक काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही एकच सूर निघाले पाहिजेत. इलेक्ट्रिकवर फरक असला तर स्क्रू फिरवून जमतं. अकूस्टिकवर थोडासा फरक नव्या तारांनीही मिटतो, पण बराच असेल तर विचार करा.

६. तळहात नेकच्या कडेवरून वर-खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातू आकसत नाही आणि टोकं बाहेर येतात. अर्ध्या तासाच्या कानसकामात हे नीट होतं. दोष किरकोळ, पण घासाघीस करायला उपयोगी.

इलेक्ट्रिक असेल तर अँपला जोडून सगळी बटणं फिरवा आणि केबल जॅकमध्ये हलवून बघा. खरखर साफ करता येते. आवाज तुटत असेल तर एखादा सांधा सुटलेला असतो, तोही डाग देऊन जोडता येतो.

जुन्या काळी स्वस्त गिटारची सर्वांत मोठी खोड होती फ्रेट चुकीच्या जागी बसवलेले असणं. फ्रेटचं गणित ठरलेलं असतं. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून साधारण ३६.४ मिलिमीटरवर येतो. यात चूक झाली तर ती गिटार जन्मभर बेसूर. आता या खाचा संगणकावर चालणारी यंत्रं कापतात आणि ती यंत्रं स्वस्त गिटारच्या कारखान्यांतही आली आहेत. म्हणूनच आजची स्वस्त गिटार पूर्वीच्या स्वस्त गिटारपेक्षा कितीतरी सरस आहे. राहतं ते हाताचं काम.

पायरी ३: सेटअप, इथे हात आखडू नका

चांगला कारागीर क्रमाने चार गोष्टी करतो. आधी नेकचा बाक, मग नट, मग अ‍ॅक्शन, शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर. क्रम उलटा झाला की सगळं पुन्हा करावं लागतं, कारण बाक बदलला की अ‍ॅक्शन बदलते.

बाक नेकमधल्या ट्रस रॉडने ठरतो. गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ज्याचं पेटंट मिळालं तोच हा समायोज्य लोखंडी दांडा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. घड्याळाच्या दिशेने रॉड फिरवला की तो आवळतो आणि बाक कमी होतो. स्वतः करायचं असेल तर एका वेळी पाव फेरा, मग गिटार परत सुरात लावून पुन्हा मोजायचं. जोर लावावा लागला तर थांबा. रॉड तुटला किंवा त्याचे आटे गेले की गिटारच्या किमतीइतका खर्च समोर येतो.

अकूस्टिकची अ‍ॅक्शन सॅडलच्या बुडाशी घासून खाली येते. हिशोब दुपटीचा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासायचं. सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून हे घरीही करता येतं. मी केलंय, आणि पहिल्या वेळी जास्त घासून सॅडल वायाही घालवलंय. सॅडल स्वस्त असतं, त्यामुळे शिकायला ठीक. नटच्या खाचा मात्र पहिल्यांदा तरी स्वतः कापू नका. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने मोकळी तार झणझणायला लागते आणि मग नवा नटच घालावा लागतो.

सेटअपला गेलाच आहात तर प्लास्टिकच्या पोकळ नटऐवजी हाडाचा किंवा चांगल्या घट्ट कृत्रिम पदार्थाचा नट बसवून घ्या. खर्च थोडा, फायदा रोजचा. गिटार सुरात टिकत नाही म्हणून लोक खुंट्या बदलायला धावतात. पण खरा चोर बहुतेक वेळा नट असतो. तार अरुंद खाचेत अडकते, खुंटी फिरवताना 'टिक' असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. त्या खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासून बघा. खर्च शून्य.

पायरी ४: अकूस्टिकचं लाकूड

अकूस्टिकमध्ये पैशाने खरोखर ऐकू येणारा फरक पडतो तो वरच्या फळीत. स्वस्त गिटारची वरची फळी पातळ थर चिकटवून केलेली असते, म्हणजे प्लायवुडचीच भावंडं. त्यापुढची पायरी म्हणजे एकसंध स्प्रूस किंवा सिडारची फळी, जिला 'सॉलिड टॉप' म्हणतात. ती जास्त मोकळी कंप पावते आणि हळू वाजवलेलं व जोरात वाजवलेलं यांतला फरक नीट दाखवते. यामाहाच्या एफजी८०० सारख्या शिकाऊंसाठीच्या गिटारमध्येही हल्ली सॉलिड टॉप मिळतो. ओळखायचं असेल तर मधल्या भोकाच्या कडेकडे निरखून बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर फळी एकसंध. मधे थर दिसले तर नाही.

मागची फळी आणि कडा यांच्याबद्दल दुकानदार जे कीर्तन करतात ते एका कानाने ऐका. इंग्लंडमध्ये यावर एक सुरेख प्रयोग झाला आणि त्याचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराने सहा गिटार बनवल्या, सगळं सारखं, फक्त मागचं आणि कडेचं लाकूड वेगळं. त्यात दुर्मीळ, महागडं ब्राझिलियन रोझवूडही होतं. मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून ५२ गिटारवादकांनी त्या वाजवल्या. लाकडावरून पसंतीत म्हणावा असा फरक पडलाच नाही. ब्राझिलियन रोझवूड महाग आहे ते मुख्यतः ते मिळत नाही म्हणून. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे.

म्हणून माझा हिशोब साधा: सॉलिड टॉपला पैसे द्या, मागे-बाजूला थरांचं लाकूड असलं तरी चालेल. तशी गिटार हवामान जास्त सोसते, हा वर फायदा. पूर्ण सॉलिड लाकडाची गिटार नाजूक असते. तिला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते आणि बराच काळ त्याहून खूप कोरडं राहिलं तर फळी तडकते. ज्याला गिटार खुर्चीला टेकवून ठेवायची सवय आहे (मला होती) त्याने आधी सवय बदलावी, मग तसली गिटार घ्यावी.

पायरी ५: इलेक्ट्रिकमध्ये काय महत्त्वाचं

इथे बॉडीच्या लाकडाला अकूस्टिकइतकं महत्त्व नाही, कारण आवाज तारेच्या कंपनातून आणि ते कंपन टिपणाऱ्या, तिच्याखालच्या चुंबकी पिकअपमधून निघतो. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या जुन्या गिटार लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून केलेल्या होत्या आणि त्यांच्या पिकअपला लिपस्टिकच्या नळीचं आवरण असायचं. लेड झेपेलिनच्या जिमी पेजने तसली गिटार मोठमोठ्या मंचांवर वाजवली आहे. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गोष्ट तर याहून बोधक. १९६३ मध्ये तो आणि त्याचे वडील घरीच गिटार बनवायला बसले. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला (दांडी हलवून सूर वर-खाली करायच्या यंत्रणेला) जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डावरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पिकअपही त्याने आधी स्वतःच गुंडाळले होते. पण तार वाकवताना त्यांतून नको तो आवाज यायचा, म्हणून अखेर त्याने बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत घेतले. एवढा खटपट्या माणूस, पण पैसे मोजले ते नेमके तिथे.

तेव्हा स्वस्त इलेक्ट्रिक घ्यायची तर नेक चांगली बघून घ्या आणि पिकअप नंतर कधीतरी बदलता येतील असं धरून चाला. मात्र पहिल्याच वर्षी बदलू नका. पिकअप तारांच्या किती जवळ आहे हे स्क्रूने कमी-जास्त करून आधी बघा. कित्येकदा "गढूळ" वाटणारा पिकअप नुसता फार वर चढवलेला असतो. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपला विजेच्या तारांमधून गुणगुण ऐकू येते, तो बिघाड नव्हे. ती गुणगुण मारायलाच १९५५ साली सेथ लव्हरने गिब्सनसाठी हम्बकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, तयार केला. तेव्हा महागड्या सिंगल कॉइलमध्ये गुणगुण येणार नाही अशा आशेने पैसे घालवू नका.

पहिली इलेक्ट्रिक घेताना तरंगता ट्रेमोलो (ज्यात ब्रिज स्प्रिंगांवर तरंगत असतो तो) टाळा, हा मी देतो त्यांतला सगळ्यात कमी ऐकला जाणारा सल्ला. स्वस्त तरंगता ब्रिज सुरात ठेवणं हे अनुभवी माणसालाही घाम फोडणारं काम आहे. स्थिर ब्रिज कमी किमतीतही पक्का असतो. नावाचा मोह असेल तर स्क्वायर ही फेंडरचीच १९८२ पासूनची शाखा आणि एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्या छत्राखाली. डोक्यावर कोरलेल्या नावाचे जास्तीचे पैसे पुन्हा विकताना बरेचसे परत मिळतात. नावाचा खरा उपयोग तेवढाच.

पायरी ६: अँप, आणि वॉटचा भुलभुलय्या

चांगली गिटार आणि भिकार अँप यापेक्षा बरी गिटार आणि चांगला अँप कधीही सरस. लोक वॉट बघून अँप घेतात. पण वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. घरात १० वॉटही जास्तच होतात. बघायचं ते स्पीकरकडे. ९७ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर काढून १०० चा घातला तर ते वॉट दुप्पट केल्यासारखंच. आणि खोक्यात सहा इंचांऐवजी आठ किंवा बारा इंचांचा स्पीकर असेल तर आवाजाला जे भरीव अंग येतं ते कुठल्याही बटणाने येत नाही.

तुमच्याकडे बरा संगणक आणि चांगला हेडफोन असेल तर अँप न घेताही चालतं. गिटारसाठीचं इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी) घ्या. साध्या माइकच्या इनपुटात गिटार खुपसली तर आवाज बोथट होतो, कारण पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमचा अडथळा लागतो. अँपची नक्कल करणारी सॉफ्टवेअर आता फुकटही मिळतात. न्यूरल अँप मॉडेलर हे त्यांतलं खुल्या स्रोताचं, आणि ते खरोखर चांगलं आहे.

पायरी ७: पेडलचा नाद

पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे. इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. माझंही खाल्लं होतं. दोन वर्षांत सहा पेडल घेतली, आणि आवाज बसत नव्हता तो केबलच्या एका सुटलेल्या सांध्यामुळे.

पेडलची किंमत आणि आतल्या भागांची किंमत यांचा फारसा संबंध नसतो. आयबॅनेझचं ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ हे १९७९ चं पेडल. त्याच्या पोटात ४५५८ नावाची अगदी साधी चिप आहे, तरी जुन्या पेडलांसाठी लोक डोळे मिटून पैसे मोजतात. क्लॉन सेंटॉर हे पेडल तर दंतकथाच. बिल फिनेगनने १९९४ पासून ती हातांनी बनवली आणि सर्किट कोणाला दिसू नये म्हणून त्यावर राळ ओतली. राळ खरवडून सर्किट बाहेर आलं, नकला निघाल्या, आणि बंद दाराआड ऐकवल्या तर भलेभले चकतात. पुढे त्याच माणसाने स्वतःच छोटं स्वस्त रूप काढलं आणि त्याच्या अंगावर या अवाजवी डंक्याची टिंगल करणारी ओळ छापली.

म्हणजे स्वस्त नक्कल घ्यायला हरकत नाही. फक्त डबा धातूचा आणि जॅक पक्के आहेत का ते बघा. जास्त पैसे वीजपुरवठ्यावर घाला. एकाच वायरीतून पाच पेडल चालवली की घरघर सुरू होते आणि माणूस दोष पेडलांना देतो. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग ९ व्होल्ट देणारा पुरवठा घेतला की निम्मी कटकट संपते.

पायरी ८: किरकोळ वस्तू, एका दमात

तारा: हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ऐकू येणारा बदल. नवख्याने अकूस्टिकवर ०.०१० किंवा ०.०११ इंचापासून सुरू होणारा संच घ्यावा, ०.०१२ चा नंतर. इलेक्ट्रिकवर ०.००९. वाजवून झाल्यावर कापडाने तारा पुसा, दुप्पट टिकल्यासारख्या वाटतात. हाताला घाम फार येत असेल तर लेप दिलेल्या महाग तारा परवडतात, नाहीतर साध्या बऱ्या.

केबल: सोन्याचा मुलामा, शुद्ध तांबं वगैरे विसरा. सांध्याच्या डागाकडे आणि लांबीकडे बघा. केबलमध्ये मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड साठतात आणि लांबी वाढेल तसा वरचा खणखणीतपणा गळतो. तीन मीटर असेल तर बाराची गरज नाही. टोकं उघडता येणारी केबल घ्या, म्हणजे डाग स्वतः देता येतो.

पिक: सगळ्या जाड्यांची एकेक घ्या आणि महिनाभर वाजवून ठरवा. ब्रायन मे सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो, तेव्हा महाग पिकबद्दल काय बोलायचं.

ट्यूनर फोनवर फुकट आहे, तरी गिटारच्या डोक्याला चिमटा मारणारा घ्या. फोन हातात घेतला की निरोप वाचण्यात अर्धा तास जातो. कॅपो मात्र बरा घ्या. स्वस्ताची स्प्रिंग वाकडी दाबते आणि सूर चढतो. पट्टा निसटून गिटार आपटू नये म्हणून बटणावर रबराचे वॉशर चढवा, महागडी कुलपं नंतर.

मग महाग गिटार कधी?

सेटअप केलेल्या गिटारवर तुम्हाला नेमकं काय अडतंय ते एका वाक्यात सांगता आलं तेव्हा. "हिचा आवाज वरच्या फ्रेटवर मरतो," "नेक माझ्या अंगठ्याला जाड आहे," "हळू वाजवलं की काही ऐकूच येत नाही." "मला दुसरी हवी" हे असलं वाक्य नव्हे. ती नुसती खाज. दुकानात मग चार गिटार घेऊन बसा, किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवा आणि सोबतच्या माणसाला तुमच्याकडे पाठ करून बसायला सांगा. प्रत्येकीवर तेच एक गाणं. माझ्या बाबतीत मित्राने जी निवडली ती चौघींत तिसऱ्या किमतीची निघाली, आणि मी निवडली तीही तीच. पहिली गिटार मी अजून विकलेली नाही. तिच्या नटच्या खाचांत पेन्सिलीची काळी पूड अजून दिसते.